टेलिफोनवाल्या आजींची खुर्ची

४ मार्च

चि. पाचर हिस,

तुझा अर्ज पोचला. मला नाही, कॉलेजला. प्राचार्यबाईंनी तो माझ्या टेबलावर रंध्याखाली दाबून ठेवला होता, भुशात हरवू नये म्हणून. वर पेन्सिलीनं लिहिलं होतं : "मामा, हिला शेरापत्र द्यायचंय. महिनाअखेरपर्यंत."

अर्ज नेटका आहे. चार ओळी, एकही शब्द जादा नाही. माझा उल्लेख 'संबंधित शिक्षक' असा केला आहेस. तू रांगत होतीस, दिसेल ती लाकडाची पाचर तोंडात घालायचीस म्हणून पाचर नाव पडलं, तेव्हापासूनचा मी मामा, आता संबंधित झालो. कॉलेजच्या पहिल्याच दिवशी तू सुतारशाळेच्या दारातून "मामा, डबा विसरलास!" म्हणून ओरडलीस, आणि माझं 'सर' व्हायचं राहिलं ते राहिलंच. आज तिथली साठ पोरं मला मामा म्हणतात. नळ दुरुस्त करायला येतो तो माणूससुद्धा म्हणतो. त्याचं वय माझ्याहून जास्त आहे.

तू जिथे जायचं म्हणतेस ती संस्था माणसांचे पाय बनवते, असं तुझी आई सांगत होती. कृत्रिम पाय, कुबड्या, चालायचे आधार. काम चांगलं आहे. लांब आहे. त्यांना तुझं प्रगतिपुस्तक हवं असणार, आणि आपल्याकडे गुण नाहीत, नंबर नाहीत. आपल्याकडे प्रत्येकाच्या वर्षाचा एक कागद, तो ज्याचा त्यानं शिक्षकाशेजारी बसून लिहिलेला, त्यातलं निम्मं काम कॉलेजच्या भिंतीबाहेरच्या माणसांसाठी, आणि शेवटी शिक्षकानं लिहिलेलं पत्र. बाहेरच्यांना हे पटायला वेळ लागतो. मलाही लागला होता. पण एकदा पटल्यावर मी ते पत्र गंभीरपणे घेतो. इतर शिक्षक "उत्साही, मनमिळाऊ" असं काहीबाही लिहून मोकळे होतात. मनमिळाऊ कुत्रंही असतं.

म्हणून अडचण आहे. तुझं वर्षाचं काम म्हणजे ती खुर्ची. ती मी एकदाच पाहिली, डिसेंबरच्या कामं तपासायच्या सभेत, आणि तीही उलटी. मागच्या डाव्या पायाचा सांधा सैल होता. मी त्यात पोस्टकार्ड सरकवून दाखवलं. सगळ्यांसमोर दाखवलं, कारण सगळ्यांचं सगळ्यांसमोरच दाखवतो. भाचीचं झाकलं असतं तर उद्या माझ्या शब्दाला कोण विचारणार? मी 'अपूर्ण' म्हटलं. तू उभी राहून म्हणालीस, "तुम्हाला कुणी कधी तपासलं नाही, म्हणून तुम्ही सगळ्या जगाला तपासत बसता." जन्मात पहिल्यांदा मला 'तुम्ही' म्हणालीस. मग खुर्ची टेम्पोत घातलीस, जिच्यासाठी केली होतीस तिच्या घरी पोचवलीस, आणि रातोरात गाव सोडलंस.

तुझ्या वाक्यावर माझं म्हणणं असं : मी आठवीत शाळा सोडली. त्यापुढे जे शिकलो ते मोडक्या खुर्च्या उकलून शिकलो. ज्यांनी त्या बनवल्या ते सुतार केव्हाच मेले होते, पण त्यांचा हात पाहून माझा हात लाजायचा. तपासणं म्हणजे आणखी काय असतं ते मला माहीत नाही.

असो. न पाहिलेल्या कामावर मी शेरा लिहीत नाही. खुर्ची वापरात कशी आहे ते स्वतः जाऊन पाहीन, मग लिहीन. उशीर झाला तर तो कामाचा उशीर समज.

मामा


११ मार्च

चि. पाचर हिस,

आज गेलो होतो. बुधवार मुद्दाम निवडला नाही, बुधवारी दुपारी मला तास नसतो.

त्या इमारतीची लिफ्ट बंद आहे आणि जिना वळणावर अरुंद होतो. तिसऱ्या मजल्यापर्यंत तू ती खुर्ची कशी चढवलीस याचा मी प्रत्येक वळणावर विचार केला. वळणावर खुर्ची आडवी करून पाय आधी घातले तरच जमतं. तुला ते सुचलं असणार, भिंतीवर ओरखडा दिसला नाही.

दार ढकलायच्या आतच आतून आवाज आला, "हॅलो? कोण बोलतंय?"

मी म्हटलं, "कॉलेजातून आलोय."

"कॉलेजला नाव नसतं का?"

मी नाव सांगितलं नाही. संबंधित शिक्षक म्हणालो. माणसानं जिथं तपासायला जायचं तिथं नातं घेऊन जाऊ नये.

टेलिफोनवाल्या आजी खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. आयुष्यभर टेलिफोन केंद्रात लोकांच्या लाइनी जोडून दिल्या, असं तू तुझ्या कागदात लिहिलं होतंस. त्यांचं तोंड किती चालतं ते लिहिलं नव्हतंस. मी बसायच्या आधी त्यांनी मला समोरच्या चष्मेवाल्याच्या घरची सगळी हकिगत सांगितली. "आज अजून दुकान उघडलं नाही. म्हणजे काल बायकोनं उघडलंय त्याला." खोलीत पलंग, एक कपाट, जुना काळा टेलिफोन, आणि ती खिडकी. खिडकीत बसलं की चौक पूर्ण दिसतो. पलंगावरून समोरच्या भिंतीवरचा ओलसर डाग तेवढा दिसतो. मी दोन्हीकडून पाहिलं.

मी म्हटलं, "जरा उठता का? मला खुर्ची खालून बघायचीय."

"बसलेल्या माणसाखालून खुर्ची काढायची रीत आहे का तुमच्या कॉलेजात?"

"तपासायची आहे."

"तपासा की. मी काय तिच्या तोंडावर बसलेय?"

शेवटी मी जमिनीवर आडवा पडून बॅटरीनं पाहिलं. या वयात. वरून त्यांचं चालूच, "काय दिसतंय? पाताळ?"

आता खुर्चीविषयी. बसायची फळी मागून उंच आणि पुढे थोडी उतरती, ते बरोबर, त्यांचा खुब्याचा सांधा बसवलेला आहे, खाली वाकून चालत नाही. पण हात टेकायची डावी दांडी उजवीपेक्षा इतकी लांब का, हे मला सभेत कळलं नव्हतं. तुझ्या कागदात होतं, 'वापरणाऱ्याच्या हालचालींचे निरीक्षण'. असल्या वाक्यातून सुताराला काय कळणार? मी आजींना विचारलं, पोरीनं मापं कशी घेतली.

"मापं?" आजी म्हणाल्या. "टेप तर तिनं पिशवीतून बाहेरही काढली नाही. महिनाभर नुसती त्या स्टुलावर बसायची. मला वाटलं, पोरीला घरी कुणी विचारत नाही, येऊन बसते बिचारी. मग एक दिवस म्हणते, आजी, तुम्ही उठायच्या आधी एक शिवी देता. शिवी दिलीत की डावा हात पुढे जातो. तिथे दांडी हवी."

मग त्यांनी मला उठून दाखवलं. शिवी दिली. (लिहीत नाही.) हात गेला, दांडी तिथेच होती, आणि बाई उभी राहिली, कुणाच्या हाताशिवाय.

हे तू सभेत सांगायला हवं होतंस.

उठताना खुर्ची कुरकुरते. तो तोच डावा सांधा. माझं पोस्टकार्ड अजूनही जातं. मी पिशवीतून पाचर आणि सरस काढला, म्हटलं, दहा मिनिटांचं काम आहे. आजींनी दांडीवर हात ठेवला. "जिनं केलीय ती करील. बुधवारची येते ती. सध्या परीक्षा असेल."

आपल्याकडे परीक्षा नसते, हे मी त्यांना सांगितलं नाही. तू येणार नाहीस हेही सांगितलं नाही. ते सांगणं माझं काम आहे असं मला वाटत नाही.

निघताना विचारलं, पोरगी घरच्यांबद्दल काही बोलायची का. म्हणाल्या, "तिचा एक मामा आहे म्हणे. जेवायचं ताटसुद्धा काटकोनाचा गुण्या लावून मांडतो."

हे अतिशयोक्त आहे.

मामा


१८ मार्च

चि. पाचर हिस,

तुझी आई रविवारी वर आली होती, माझ्या खोलीत. दारातच म्हणाली, "दादा, पत्र दिलंस का तिचं?"

मी म्हटलं, काम चालू आहे.

"दहा ओळींना काय काम असतं रे? घर बांधतोयस?"

"तपासणी व्हायचीय."

तुझी आई लहानपणापासून मी बोलत असताना माझ्या तोंडाकडे बघत नाही, हातांकडे बघते. मी काचकागदाची घडी घालत होतो. ती म्हणाली, "तू मुद्दाम ठेवून घेतलंयस." मग माझी चार ताटल्यांची मांडणी बघितली. त्यातली मी एकच वापरतो. तिनं ओट्यावरचं भांडं घासून ठेवलं आणि गेली. तिनं घासलेलं भांडं मी पुन्हा घासत नाही, एवढं तरी तिला कळवायचं राहिलं.

प्राचार्यबाईही येऊन गेल्या. बाई मोठ्या गोड बोलतात आणि गोड बोलता बोलता खिळा ठोकतात. "मामा, शेरापत्र गेलं की तिची नोंद आपण बंद करतो. आणि गेलं नाही तर तिची तिकडची जागा जाते. एवढंच आठवण करायला आले." मी विचारलं, नोंद बंद म्हणजे काय? "म्हणजे ती आपली विद्यार्थिनी राहत नाही. नेहमीचंच आहे हो, सगळ्यांचं होतं." सुतारशाळेत तुझ्या टेबलावर त्यांनी नवीन मुलगी दिली आहे. तिला करवत धरता येत नाही, पण पोरगी हसतमुख आहे, चुकली की "मामा, मी लाकडाला मामा बनवलं" म्हणते. तुझा एप्रन खुंटीवरून काढून मी वर आणून ठेवला आहे. तिथे धूळ बसत होती.

आता मुद्द्याचं. आज पुन्हा आजींकडे गेलो. खुर्चीचा सांधा चांगला नाही. सुटत चालला आहे. आजी उठताना सगळा भार त्या डाव्या दांडीवर टाकतात आणि तो भार थेट त्याच पायात उतरतो. पाय केव्हाही निसटेल. बाईंचा खुबा एकदा बसवलेला आहे, दुसऱ्यांदा काय होईल ते तूच समज. फट किती वाढली ते इथे लिहीत नाही, आल्यावर दाखवतो.

त्या मला हात लावू देत नाहीत. तुझ्याखेरीज कुणालाच देणार नाहीत. तेव्हा तुला यावं लागेल. एक दिवसाचं काम आहे. शेरापत्राचं मग इथेच समोरासमोर बसून बघू.

मामा


२५ मार्च

पाचर,

हे पत्र शेवटपर्यंत वाच. वाचल्यावर फाडलंस तरी चालेल.

आज दारावर "हॅलो" आला नाही. मी ढकलून आत गेलो. खुर्ची कपाटाशेजारी भिंतीकडे तोंड करून उभी, तिच्यावर चादर. आजी पलंगावर. खिडकी बंद. उजेड होता, पण कुणी उघडायला उठलं नव्हतं.

मी विचारलं, "बरं नाही का?"

"बरी आहे. पोरीचा फोन आला होता, शनिवारी. रडत होती. म्हणाली, आजी, आजपासून त्या खुर्चीत बसायचं नाही. मामा म्हणतो तुटणार म्हणजे तुटणार. मामाचं माप चुकत नाही."

शेजारच्या बाईनं खुर्ची उचलून भिंतीशी ठेवली. शनिवारपासून आजी पलंगावर आहेत. पलंग खालचा आहे, त्यांना एकटीनं उठवत नाही. शेजारीण सकाळी येते आणि संध्याकाळी येते. मधला सगळा वेळ तो भिंतीवरचा डाग. मला म्हणाल्या, "आज चष्मेवाल्यानं उघडलं का हो?" मी खिडकी उघडून बघून सांगितलं. उघडलं होतं.

मी तुला खोटं लिहिलं.

फट वाढलेली नाही. डिसेंबरात पोस्टकार्ड जायचं, आज पोस्टकार्डच जातं, दोन घड्या केल्या तर जात नाही. सांधा सैल आहे, चुकीचा आहे, माझ्या हाताखालच्या पोरीनं असा सांधा करावा याचा मला अजून राग आहे. पण तो तुटणारा नाही. आतला कुसू, भोकात बसते ती लाकडाची जीभ, तू भरपूर लांब ठेवला आहेस, तो पायात खोल गेलाय. कुरकुरेल. दहा वर्षं कुरकुरेल. हे मला अकरा तारखेला जमिनीवर पडून बॅटरी लावली तेव्हाच दिसलं होतं.

तू यावंस म्हणून लिहिलं. तू धावत येशील असं धरून बसलो. तू ज्या बाईचा जीव खुर्चीवर आहे तिला आधी फोन करशील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. कोणालाही आलं असतं.

मी चादर काढली. खुर्ची खिडकीशी आणली. आजी ओरडल्या, "अहो, बसू नका, तुटेल!" मी बसलो. मग डाव्या दांडीवर दोन्ही हात रोवून सगळं अंग टाकलं आणि उठलो. पुन्हा बसलो, पुन्हा उठलो. माझं वजन आजींच्या दुप्पट असेल. खुर्ची कुरकुरली, बाकी काही नाही. शिवी मात्र मी दिली नाही, त्यामुळे हात कुठे ठेवायचा ते दर वेळी शोधावं लागलं.

मी म्हटलं, "तुटत नाही. मी तिला खोटं कळवलं. तिचा मामा मीच."

आजी म्हणाल्या, "ते मला पहिल्या दिवशी कळलं."

"कसं?"

"आवाजावरून. 'मला खुर्ची खालून बघायचीय.' पोरगी तुमची नक्कल हुबेहूब करायची. आम्ही दोघी हसून हसून पडायचो. मी तर दोन आठवडे तुम्हालाच मामा बनवतेय, तुम्हाला पत्ता नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलला नाहीत म्हणून. दोन्हीकडचे गप्प असले की ऑपरेटरनं मध्ये बोलायचं नसतं." मग म्हणाल्या, "पण हे वाईट केलंत. चार दिवस मी खिडकी पाहिली नाही. आणि ते पोर तिकडे चार दिवस समजतंय की आपण म्हातारीला मारायला खुर्ची दिली."

मी पलंगाशी गेलो, हात पुढे केला.

त्यांना उठवून खुर्चीत बसवलं. बसल्या बसल्या त्यांनी टेलिफोन जवळ ओढला आणि तुझा नंबर फिरवला, न बघता, बोटांनी. तुला माहीत आहेच पुढचं. "हॅलो, अगं, खुर्ची धडधाकट आहे. तुझ्या मामानं स्वतः बसून दाखवली. हो. खोटं होतं म्हणे. हो, इथेच आहेत. बोलतेस?"

मग त्यांनी रिसीव्हर कानाशी ठेवला, थोडा वेळ ऐकलं, आणि खाली ठेवून मला म्हणाल्या, "लाइन कट झाली हो. तिकडची लाइन फार वाईट."

तो टेलिफोन जुना आहे. त्याचा आवाज खोलीभर ऐकू येतो.

मी म्हटलं, "असेल. या दिवसांत होतं."

निघताना मी पुन्हा पाचर आणि सरस काढला नाही. त्यांनीही विचारलं नाही. त्या चौकाकडे बघत होत्या. म्हणाल्या, "बुधवारी येत जा. कुणी तरी स्टूल अडवायला लागतं. आणि येताना दारात नाव सांगत जा."

घरी आलो. तुझी आई जिन्यात भेटली, तिनं माझ्या हातांकडे बघितलं. मी म्हटलं, उद्या देतो. ती म्हणाली, "देशील. आता देशील."

आज लिहायला बसलो तेव्हा एक गोष्ट स्पष्ट झाली. पत्र माझ्याकडे अडलेलं होतं तोवर तू निदान माझ्यावर रागावून वाट बघत होतीस. वाट माझी नव्हती, कागदाची होती. तरी ती माझ्या दाराशी होती.

मामा


२६ मार्च

शेरापत्र

विद्यार्थिनीनं वर्षाच्या कागदात एकच काम मागितलं होतं : एका माणसासाठी एक खुर्ची. 'वृद्धांसाठी' असं लिही, असं मी तेव्हा सुचवलं होतं. तिनं नकार दिला. तो नकार योग्य होता.

ज्यांच्यासाठी खुर्ची करायची त्यांच्या घरी ती दर बुधवारी गेली. पहिला महिना तिनं काहीही मोजलं नाही, काहीही दुरुस्त केलं नाही, सल्ला दिला नाही. बसून राहिली. हे तिला कोणी शिकवलेलं नाही. मी तर नाहीच. माझ्या शाळेत पहिल्या दिवशी टेप हातात देतात. त्या महिन्यातून तिला त्या बाई कशा उठतात ते कळलं आणि दांडीची जागा कळली. ती जागा कुठल्याही पुस्तकातल्या मापात बसत नाही. मी स्वतः त्या खुर्चीत बसून पाहिली, मला ती अडचणीची वाटली. माझ्यासाठी केलेलीच नाही.

लाकडाची निवड : चांगली. फळीचा उतार : अचूक. घासकाम : बऱ्यापैकी, फळीखालच्या बाजूला कंटाळा केलेला दिसतो. मागच्या डाव्या पायाचा सांधा : सैल. भोक पाडताना पटाशी तिरपी धरली गेली. हा दोष खरा आहे. यापुढे तिनं भोक दोन्ही बाजूंनी आखून घ्यावं आणि निम्मं इकडून, निम्मं तिकडून खणावं. ज्या कामावर माणूस भार टाकणार आहे त्यात फट ठेवू नये.

डिसेंबरच्या सभेत मी हे काम अपूर्ण म्हटलं होतं. तो शब्द मी त्या एका सांध्यापुरता ठेवतो. खुर्ची पूर्ण आहे. जिच्यासाठी केली ती तिच्यात रोज बसते, एकटी उठते आणि चौक बघते.

मार्च महिन्यात चार दिवस ही खुर्ची वापरात नव्हती. याचं कारण सांधा नाही. संबंधित शिक्षकानं विद्यार्थिनीला खुर्चीविषयी जाणूनबुजून खोटी माहिती कळवली. विद्यार्थिनीनं ती खरी धरून, स्वतःचं काम मोडीत निघत असताना, पहिल्यांदा त्या बाईंना सावध केलं. आपल्या संस्थेत माणसांच्या शरीराला लागून वस्तू बनतात असं कळतं. तिथे असा माणूस उपयोगी पडेल असं मला वाटतं.

तिला घ्यावं.

(सही)
सुतारशाळा

पाचर,

वरचं पान तुझं. प्राचार्यबाईंनी वाचलं, चार दिवसांच्या मजकुराखाली बोट ठेवून म्हणाल्या, "मामा, हे पाहिजेच का? हे बाहेर जाणारंय." मी म्हटलं, आहे तसं जाऊ द्या. त्यांनी शिक्का मारला.

रीत तुला माहीत आहे. शेरापत्र आधी विद्यार्थ्यानं वाचायचं, पटत नसेल ते खालच्या अर्ध्या पानावर लिहायचं, कागद शिक्षकाकडे परत यायचा, आणि ते वाचून मगच शिक्षकानं सही करायची. विद्यार्थ्याचं म्हणणं वाचल्याशिवाय मी आजवर एकाही पत्रावर सही केलेली नाही. या पत्रावर केली आहे.

खालचं अर्धं पान कोरं आहे. तुला हवं ते लिही, माझ्याविषयी असलं तरी. लिहून झालं की कागद तिथूनच थेट संस्थेला दे, म्हणजे महिनाअखेरच्या आत पोचेल. माझ्याकडे परत पाठवायची गरज नाही.

मामा